मोरचूद, विळा आणि सेल: दहावीची केमिस्ट्री नव्याने शिकताना

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी मोठी माणसं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञान शिकायला येतात. कोणी दिवसभर नागपूरच्या इतवारीत दुकान सांभाळून येतं, कोणी घरचा स्वयंपाक आटोपून. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच म्हणतात, "मॅडम, बाकी जमून जाईल, केमिस्ट्री मात्र पाठच होत नाही." हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्या आईबाबांसाठीही.

पाठ होत नाही, कारण तो पाठ करायचा विषयच नाही. शाळेतली बहुतेक केमिस्ट्री एका व्यवहारावर उभी आहे: इलेक्ट्रॉन कोणी दिला, कोणी घेतला, की दोघांनी मिळून वापरला. बालभारतीच्या पुस्तकांत अणूचं अंतरंग आठवीत येतं, आम्ल-आम्लारी नववीत, समीकरणं आणि धातुविज्ञान दहावीत. तीन वर्षांत हा व्यवहार असा विखुरला जातो की एकाच हिशोबाची ही पानं आहेत, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं संयुजांचा, म्हणजे कोणता अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो त्याचा, तक्ता आधी पाठ करून घेत असे. मुलं तक्ता घडाघडा म्हणायची आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं सूत्र विचारलं की गप्प व्हायची. मग मी क्रम बदलला. तोच क्रम इथे देते. रोज तासभर दिला तर दीड-दोन महिने पुरतात.

आधी सामान गोळा करा

एक कोरी वही, आवर्तसारणीचा एक छापील तक्ता, दीड व्होल्टचे 2 साधे सेल, वायरचे तुकडे, दोन्ही टोकांना तासलेल्या 2 पेन्सिली, तांब्याच्या तारेचा तुकडा, 3-4 लोखंडी खिळे, काचेचे 2 जुने ग्लास, थोडी हळद, थोडा चुना. आणि कृषी केंद्रातून थोडं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

मोरचूद विषारी आहे. त्याचे निळे खडे खडीसाखरेसारखे दिसतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर कुलूपबंद ठेवा. त्यासाठी वापरलेला ग्लास किंवा चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. शाळकरी मुलांनी हे प्रयोग मोठं माणूस शेजारी असतानाच करायचे.

पायरी 1: अणूचं चित्र हाताने काढा

झिरो माईलच्या दगडाशी ज्वारीचा एक दाणा ठेवलाय अशी कल्पना करा. तो दाणा म्हणजे अणूचं केंद्रक असेल, तर अणूची हद्द चारी बाजूंना सुमारे 200 मीटर दूर जाईल. केंद्रकापेक्षा अणू साधारण 1 लाख पट रुंद असतो. मधे जे फिरतं ते फक्त ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. पण अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात असतं, कारण धन प्रभाराचे प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन तिथेच आहेत आणि त्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉनपेक्षा 1800 पटींहून जास्त जड आहे.

हे माणसाला एका दिवसात कळलं नाही. 1897 मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, 1911 मध्ये रुदरफोर्डने केंद्रक मांडलं, 1913 मध्ये बोरने इलेक्ट्रॉनांना ठरावीक कवचांत बसवलं, आणि न्यूट्रॉन सापडायला 1932 उजाडलं. तो चॅडविकने शोधला. परीक्षेला ही नावं विचारतात म्हणून सांगितली. तुमचं खरं काम पुढे आहे.

प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक, आणि मूलद्रव्याची ओळख फक्त त्यावर ठरते. 11 प्रोटॉन असले की तो सोडियम, 12 झाले की मॅग्नेशियम, त्यात तडजोड नाही. न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त चालतात. क्लोरीनच्या काही अणूंचा वस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) 35 असतो, काहींचा 37, साधारण तीनास एक या प्रमाणात. म्हणून तक्त्यात क्लोरीनसमोर 35.5 दिसतं. अर्धा न्यूट्रॉन कुठून आला, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याचं मला फार कौतुक वाटतं. तो अर्धा न्यूट्रॉन नसून सरासरीतला अर्धा आहे.

आता वही घ्या आणि पहिले 20 अणू काढा. पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 8, तिसऱ्यात 8 आणि उरलेले चौथ्यात. (तिसऱ्या कवचाची खरी क्षमता 18 आहे, पण पहिल्या 20 अणूंपुरते 8 धरा.) रोज 4 अणू, म्हणजे 5 दिवसांचं काम. सोडियम 2, 8, 1. क्लोरीन 2, 8, 7. निऑन 2, 8. तयार चित्राचा फोटो काढून ठेवू नका. हाताने टिंब देताना शेवटचं कवच भरत जातं, मग पूर्ण होतं, मग नवं कवच उघडतं, हे बोटांना कळतं. चित्रं झाली की शेवटच्या कवचात सारखे इलेक्ट्रॉन असलेले अणू एकाखाली एक मांडा: लिथियम, सोडियम, पोटॅशियम. तुमच्याच वहीत आवर्तसारणीचा उभा गण तयार झालेला दिसेल. मेंडेलीव्हने 1869 मध्ये ही सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकही नव्हता. नुसत्या गुणधर्मांवरून त्याने हे ओळखलं, याचं मला आजही नवल वाटतं.

पायरी 2: देणारे, घेणारे, वाटून वापरणारे

शेवटचं कवच भरलेलं असलं की अणू शांत. निऑन, आरगॉन म्हणून कोणाच्या वाटेला जात नाहीत. बाकीचे ते गाठायचा मार्ग शोधतात.

सोडियमला 7 घेण्यापेक्षा 1 देणं सोपं. क्लोरीनला 7 देण्यापेक्षा 1 घेणं सोपं. सोडियमने इलेक्ट्रॉन दिला की त्याच्याकडे 11 प्रोटॉन आणि 10 इलेक्ट्रॉन उरतात, म्हणून तो एक धनप्रभार असलेला आयन होतो. इथे नवख्या माणसाची हमखास चूक होते: "दिला म्हणजे कमी झालं, मग ऋण का नाही?" कारण गेलेली वस्तूच ऋण होती. ही वजाबाकी 5 अणूंसाठी करून पाहा, पुन्हा अडणार नाही.

हे विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून ठेवतात तो आयनिक बंध. मिठाच्या खड्यात असे असंख्य आयन एकाआड एक बसलेले असतात, म्हणून मीठ वितळवायला सुमारे 800 अंश सेल्सिअस तापमान लागतं. दोन्ही बाजू घेणाऱ्या असतील तर इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं तसंच आहे, त्याला सहसंयुज बंध म्हणतात.

आता संयुजा. किती दिले, घेतले किंवा वाटले, तो आकडा. मॅग्नेशियम 2 देतो, क्लोरीन 1 घेतो, म्हणून एका मॅग्नेशियमला 2 क्लोरीन. चित्र काढून झालं असेल तर तक्ता पाठ करायची गरजच राहत नाही. मूलकं, म्हणजे एकत्र वावरणारे प्रभारित अणुगट, मात्र लक्षात ठेवावी लागतात: सल्फेट 2, नायट्रेट 1, कार्बोनेट 2, हायड्रॉक्साइड 1, अमोनियम 1. तेवढी 5 भिंतीवर लावा.

पायरी 3: समीकरण म्हणजे मोजदाद

अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. 56 ग्रॅम कळीच्या चुन्यात 18 ग्रॅम पाणी मुरलं की 74 ग्रॅम विरलेला चुना मिळतो. समीकरण संतुलित करणं म्हणजे हाच जमाखर्च जुळवणं.

ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन घ्या. ॲल्युमिनियम 3 देतो, ऑक्सिजन 2 घेतो, म्हणून ऑक्साइडमध्ये 2 ॲल्युमिनियम आणि 3 ऑक्सिजन. पण हवेतला ऑक्सिजन जोडीने येतो. 3 आणि 2 यांचा लसावि 6. म्हणून 6 ऑक्सिजन लागतील, म्हणजे 3 जोड्या. त्यातून ऑक्साइडचे 2 घटक होतील आणि त्यांना 4 ॲल्युमिनियम लागतील:

4 ॲल्युमिनियम + 3 ऑक्सिजन रेणू → 2 ॲल्युमिनियम ऑक्साइड

फक्त पुढचा आकडा बदलायचा. सूत्राच्या पायथ्याचा छोटा आकडा बदलला तर पदार्थच बदलतो. रोज 3 समीकरणं, आधी शब्दांत, मग चिन्हांत.

पायरी 4: अभिक्रिया, आणि काटोलचा विळा

पुस्तकात अभिक्रियांचे 4 प्रकार दिलेत: संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. पहिले दोन लवकर उरकतात. चुना विरणं हा संयोग. हात लावणार नाही इतकी उष्णता निघते, म्हणून ती उष्मादायी. चुनखडी भट्टीत तापवून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, ते अपघटन.

विस्थापनाशी मात्र थांबायचं. मी वर्गात मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा सोडला आणि दहा-पंधरा मिनिटांनी तो तांबूस झालेला बाहेर काढला. काटोलकडची एक ताई एकदम म्हणाली, "मॅडम, हे तं आमचे बाबा बगिच्यात करते!" संत्र्याच्या झाडांना बोर्डो मिश्रण मारायचं असलं की 1 टक्क्यासाठी 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना लागतो. मिसळून झालं की बाबा त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पातं तांबूस झालं, तर अजून थोडा चुना.

त्या विळ्यावर काय घडतं ते नीट पाहा. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे. लोखंडाचा अणू 2 इलेक्ट्रॉन देतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. तेच 2 इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो आणि धातू होऊन पात्यावर बसतो.

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबं

इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोन्ही एकाच वेळी होतात, कारण देणारा असला तर घेणारा हवाच. पाण्यात मोकळा तांब्याचा आयन उरला नसेल तर विळ्यावर काही बसत नाही, आणि तेच बाबांना हवं असतं, कारण मोकळं तांबं झाडाची पानं जाळतं. चुना त्या तांब्याला अवक्षेपाच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या गाळाच्या, रूपात बांधून ठेवतो. ढोबळमानाने कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट तयार होतं, म्हणजे ते दुहेरी विस्थापन झालं. बोर्डोसाठी प्लास्टिकचा ड्रम का घेतात, लोखंडी का नाही, याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकता.

याच्या जोडीला क्रियाशीलतेचा क्रम शिका: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसं, मग हायड्रोजन, मग तांबं, पारा, चांदी, सोनं. वरचा खालच्याला हटवतो, खालचा वरच्याला नाही. तांब्याची तार फेरस सल्फेटच्या द्रावणात कितीही वेळ ठेवा, काही होणार नाही. हा उलटा प्रश्न परीक्षेत येतो.

पायरी 5: आम्ल आणि आम्लारी

पाण्यात हायड्रोजन आयन देणारं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देणारी आम्लारी. दोघांची गाठ पडली की पाणी आणि क्षार. हे उदासिनीकरण. पीएच म्हणजे आम्लता मोजायची पट्टी: 7 म्हणजे उदासीन, आणि खाली एकेक अंक उतरताना आम्लता 10 पटीने वाढते.

प्रयोग घरातच आहेत. हळदीच्या पाण्यावर चुन्याची निवळी टाका, लाल होईल. पारंपरिक कुंकू याच रंगबदलावर बनतं. त्यात लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. दुसरं, मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर चालणारा कूलर उघडा. ताट्यांवर आणि टाकीत जो पांढरा कडक थर दिसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाणी उडून जातं आणि विरघळलेला क्षार मागे राहतो. खरवडून त्यावर व्हिनेगर टाका, फसफसून कार्बन डायऑक्साइड निघेल. हाच वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर ती दुधाळ होते. ही खूण कायम लक्षात ठेवा.

पायरी 6: विद्युत अपघटन

इथपर्यंत आलात तर सर्वांत अवघड मानला जाणारा भाग तुमच्यासाठी सोपा आहे. विळ्यावर इलेक्ट्रॉनांचा व्यवहार आपोआप झाला. इथे तो सेलच्या जोरावर करवून घ्यायचा.

एका ग्लासात पाऊण कप पाण्यात छोटा चमचा मोरचूद विरघळवा. एक सेल घ्या. त्याच्या धन टोकाला तांब्याची तार जोडा, हा धनाग्र. ऋण टोकाला पेन्सिलीचं शिसं, हा ऋणाग्र. (पेन्सिलीचं शिसं खरं तर ग्राफाइट, म्हणजे कार्बन.) दोन्ही एकमेकांना न टेकवता द्रावणात बुडवा. काही मिनिटांत काळ्या ग्राफाइटवर तांबूस मुलामा चढू लागेल.

ऋणाग्रावर: तांब्याचा आयन + 2 इलेक्ट्रॉन → तांब्याचा अणू
धनाग्रावर: तांब्याचा अणू → तांब्याचा आयन + 2 इलेक्ट्रॉन

माझ्या वर्गात यासाठी एक ओळ आहे: धनाग्रावर देणं, ऋणाग्रावर घेणं. धनाग्रावर ऑक्सिडीकरण, ऋणाग्रावर क्षपण. आणि एक गोष्ट तीनदा लिहून काढा, कारण ती जवळजवळ सगळेच चुकतात: इलेक्ट्रॉन फक्त तारेतून जातात. द्रावणातून आयन जातात. इलेक्ट्रॉन पाण्यातून पोहत पलीकडे जात नाही. कोरड्या मिठात आयन जागेला खिळलेले असतात म्हणून त्यातून वीज वाहत नाही, आणि वितळल्यावर किंवा विरघळल्यावर ते मोकळे होतात म्हणून वाहते.

आता तांब्याच्या तारेऐवजी धनाग्रालाही पेन्सिलच लावा आणि 2 सेल एकापुढे एक जोडा. ऋणाग्रावर तांबं बसेलच, पण धनाग्रावर बुडबुडे दिसतील. तो ऑक्सिजन. पुरेसा वेळ दिला तर द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो. पहिल्या वेळी का झाला नव्हता? कारण जितकं तांबं ऋणाग्रावर बसत होतं, तितकंच तारेतून उतरत होतं. हा फरक स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. मी तर म्हणेन, अख्ख्या धड्यातला हा सर्वांत मोलाचा परिच्छेद असेल. तांब्याचं शुद्धीकरण आणि मुलामा देणं, दोन्ही पहिल्या जोडणीवरच चालतात.

पाण्याचं अपघटन करायचं असेल तर थोडा धुण्याचा सोडा घाला, कारण शुद्ध पाण्यात आयन फारच कमी. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन, आकारमानाने दोनास एक. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका. मीठ अजिबात घालू नका, कारण मिठाच्या पाण्यातून धनाग्रावर क्लोरीन निघतो आणि तो विषारी आहे. घरच्या प्लगची वीज या प्रयोगांच्या जवळपासही आणू नका.

मिठाच्या पाण्यात ऋणाग्रावर सोडियम न मिळता हायड्रोजन का, हा प्रश्न येईल. सोडियम फार क्रियाशील, तो इलेक्ट्रॉन परत घ्यायला सहज तयार होत नाही. त्याच्याआधी पाणीच घेतं. सोडियम हवा असेल तर पाणी नकोच, वितळलेलं मीठ हवं. ॲल्युमिनियमचंही तसंच. त्याचं ऑक्साइड वितळायला 2000 अंशांहून जास्त लागतात, म्हणून ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवून हजार अंशांच्या खालीच काम भागवतात. ही रीत 1886 पासूनची.

उरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका. त्यात लोखंडी खिळे टाकून रंग जाईपर्यंत राहू द्या. पायरी 4 मधलंच विस्थापन तुमच्यासाठी तांबं बाहेर काढेल. तळाचा गाळ वाळवून शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.

पायरी 7: एक गणित आणि भंडाऱ्याची काळी पूड

फॅरेडेने 1830 च्या दशकात दाखवलं की किती पदार्थ बसेल ते किती वीज गेली यावर ठरतं. मोल म्हणजे अणू-इलेक्ट्रॉन मोजायचं ठरावीक मोठं माप, आणि कूलोम म्हणजे विजेचं माप, ॲम्पिअर गुणिले सेकंद. 1 मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे 96,500 कूलोम. तुमच्या जोडणीतून 0.1 ॲम्पिअर धारा तासभर वाहिली, तर 0.1 गुणिले 3600, म्हणजे 360 कूलोम. तांब्याच्या एका आयनाला 2 इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून 360 भागिले 1,93,000, आणि त्याला तांब्याच्या 63.5 या अणुवस्तुमानाने गुणा. उत्तर सुमारे 0.12 ग्रॅम. हा आकडा दहावीच्या थोडा पुढचा आहे, तरी करा, कारण पहिल्या दिवशी काढलेली टिंबं इथे ग्रॅममध्ये मोजता येतात.

शेवटी एक प्रश्न. धातूचे आयन नेहमी ऋणाग्रावरच जाऊन बसतात का? मॉइल या मँगनीज खाणींच्या कंपनीचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला ती विद्युत अपघटनाने मँगनीज डायऑक्साइड बनवते, आणि ती काळी पूड धनाग्रावर जमते. तिथे मँगनीजचा आयन इलेक्ट्रॉन घेत नाही, आणखी 2 देतो आणि पाण्यातल्या ऑक्सिजनसोबत ऑक्साइड होऊन चिकटतो. साध्या जस्त-कार्बन सेलच्या पोटात हीच पूड असते. सेल चालू केला की जस्ताचं कवच इलेक्ट्रॉन देतं आणि पूड बनताना धनाग्रावर काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांची भरपाई व्हावी तसे ही पूड ते स्वीकारते. तुमच्या पेन्सिलीवर तांबं चढलं, तेव्हा सेलच्या आत हेच चाललं होतं. त्या सेलचं चित्र वहीच्या पुढच्या पानावर काढा आणि प्रत्येक बाणावर लिहा: कोणी दिला, कोणी घेतला.